सुई टोचण्यापूर्वी मार्ग ओळखावा

दवाखान्याच्या एका भिंतीवर भगवान धन्वंतरीची तसबीर आणि दुसऱ्या भिंतीवर रंगीत रेषांनी भरलेला मानवी देहाचा तक्ता, हे दृश्य आता आपल्या वैद्यवर्गाला अपरिचित राहिलेले नाही. त्या तक्त्यावरील ठिपक्यांना चिनी नावे असतात आणि अलीकडे त्यांच्या शेजारी संस्कृत मर्मनावेही छापलेली आढळतात. हातावरील 'हेगू' म्हणजे क्षिप्र मर्म, मनगटावरील अमुक बिंदू म्हणजे मणिबंध, अशी जोडी लावून शेवटी शास्त्र एकच, केवळ भाषा दोन, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष ऐकावयास गोड आहे, स्वाभिमानाला सुखावणाराही आहे. परंतु तपासल्यावाचून तो स्वीकारण्यात रुग्णाचे अहित आणि शास्त्राची हानी, दोन्ही संभवतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मत का बनले, हे प्रस्तुत लेखात मांडत आहोत.

प्रथम या विद्येचा आपल्याशी असलेला संबंध पाहू. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोन महाराष्ट्रीय होते. त्याच पथकातील डॉ. बसू हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनमध्ये जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी कोलकात्यात ही चिकित्सा सुरू केली. पुढे २००३ मध्ये केंद्र शासनाने तिला एक उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, २०१५ मध्ये महाराष्ट्राने तिच्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला आणि २०१९ मध्ये केंद्राने तिला स्वतंत्र चिकित्सापद्धतीचा दर्जा दिला. म्हणजे आज ही केवळ हौसेची विद्या राहिलेली नाही. तिला कायदा आहे, नोंदणी आहे, शिक्षणक्रम आहे. आयुर्वेदाची पदवी असलेल्या वैद्याने सुई हाती घेताना आपली नोंदणी व आपले शिक्षण त्या कर्मास पुरेसे आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पायात सुई टोचली असता पोटाचे किंवा पाठीचे दुखणे कमी होते असे म्हणतात, तेव्हा तो परिणाम पायापासून तिथवर कोणत्या वाटेने पोहोचतो? चिनी परंपरेचे उत्तर असे की, देहात 'ची' नामक शक्ती ठरावीक मार्गांनी वाहते आणि त्या मार्गांवर ३६१ प्रमुख बिंदू आहेत. १९६० च्या दशकात उत्तर कोरियातील किम बोंग-हान यांनी हे मार्ग म्हणजे सूक्ष्म नलिका असून त्या आपणांस प्रत्यक्ष दिसल्या, असा दावा केला. तो शास्त्रीय जगात मान्य झाला नाही. पुरावा मिळत गेला तो निराळ्याच दिशेने, मज्जातंतूंच्या दिशेने.

१९७३ मध्ये चिनी संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बिंदूखालच्या स्नायूत प्रोकेन हे बधिरीकरणाचे औषध टोचले, तर तेथे सुई घालूनही वेदनाशमन होत नाही, असे त्यांना आढळले. तंतू बधिर झाला की बिंदू निकामी झाला. १९७६-७७ मध्ये पाश्चात्त्य संशोधकांनी पुढचा धागा पकडला. नॅलॉक्सोन हे अफूवर्गीय द्रव्यांना अडवणारे औषध दिले असता सुईने मिळणारे वेदनाशमन नाहीसे होते, असे त्यांनी दाखविले. म्हणजे सुईची वार्ता मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत जाते आणि तेथे देहाचीच वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. सर्वच प्रयोगशाळांत हे फळ सारखे आले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

याच सुमारास मज्जातंतूंचा माग काढण्याची एक उत्तम युक्ती संशोधकांच्या हाती आली. तंतूच्या टोकाशी एखादे विशिष्ट प्रथिन सोडावे. तंतू ते शोषून घेतो आणि उलट दिशेने आपल्या मूळ पेशीपर्यंत वाहून नेतो. नंतर त्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. विहिरीत हळद टाकून कोणत्या झऱ्यातून पिवळे पाणी निघते ते पाहावे, तसाच हा प्रकार. या युक्तीमुळे अमुक बिंदूवरील तंतू मज्जारज्जूच्या कोणत्या खंडात जातो, हे प्राण्यांमध्ये प्रत्यक्ष दाखविता येऊ लागले.

या मालिकेतील सर्वांत बोलके काम अलीकडचे आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात चिउफू मा यांच्या नेतृत्वाखाली झालेला अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उंदराच्या मागच्या पायावरील 'झुसान्ली' या बिंदूत सुई घालून तीतून ०.५ मिलिअँपिअर इतका सौम्य विद्युत्प्रवाह सोडला असता देहव्यापी दाह कमी होतो. हा परिणाम पायातील एका विशिष्ट जातीच्या संवेदी तंतूंवाटे जातो, मेंदूतून व्हेगस या मज्जातंतूत उतरतो आणि अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोहोचतो. त्या जातीचे तंतू नष्ट केले की परिणामही नाहीसा होतो. हे तंतू पायाच्या खोल आवरणांत आहेत, पोटाच्या आवरणांत नाहीत. म्हणूनच तोच सौम्य प्रवाह पोटावरील बिंदूत सोडला तर हे फळ मिळत नाही. त्याच गटाने २०२० मध्ये दाखविलेली गोष्ट तर प्रत्येक चिकित्सकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. पोटावरील बिंदूत तीव्र प्रवाह रोगापूर्वी दिला तर दाह घटला. तोच प्रवाह रोग सुरू झाल्यावर दिला तर दाह वाढला. स्थान, खोली, मात्रा आणि व्याध्यवस्था यांपैकी एक बदलले की फळ बदलते, हे आयुर्वेदाच्या अभ्यासकाला नव्याने सांगावे लागू नये.

मात्र हे सर्व उंदरांवरचे काम आहे. माणसांवरील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जर्मन चाचणीत जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांनंतर खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के, बिंदू सोडून भलतीकडे उथळ सुया घेतलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि औषधे व व्यायाम असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना उतार पडला. सुयांनी लाभ झाला, पण खऱ्या व खोट्या बिंदूंत फरक जवळजवळ दिसला नाही. प्रामाणिक वैद्याने हे दोन्ही निष्कर्ष एकत्र ध्यानात ठेवले पाहिजेत. बिंदू म्हणजे मंत्रसिद्ध ठिकाण नव्हे. आणि बिंदूखाली काय आहे ते महत्त्वाचे नाही, असेही नव्हे.

आता आपल्या घरचे शास्त्र पाहू. सुश्रुताने शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात १०७ मर्मे सांगितली. त्यांचे वर्गीकरण त्याने कोणत्या आधारावर केले? तेथे मांस, सिरा, स्नायू, अस्थी, संधी यांपैकी काय आहे, या आधारावर. मांसमर्मे ११, सिरामर्मे ४१, स्नायुमर्मे २७, अस्थिमर्मे ८ आणि संधिमर्मे २०. दुसरे वर्गीकरण आघाताच्या परिणामावरून. सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ आणि रुजाकर ८. हे सारे वर्गीकरण शल्यकर्म करणाऱ्याच्या गरजेतून झालेले आहे. येथे शस्त्र लागू देऊ नकोस, लागले तर असे होईल, हा त्याचा आशय. मर्म हे सुश्रुताच्या दृष्टीने प्रथम जपण्याचे स्थान आहे.

अंगठा व तर्जनी यांच्यामधील क्षिप्र मर्माचेच उदाहरण घ्या. तेथे वेध झाला तर आक्षेपकाने मृत्यू येतो, असे सुश्रुत सांगतो. नेमक्या त्याच परिसरात चिनी वैद्यक हेगू बिंदू मानते आणि तेथे नित्य सुई घालते. दोन्ही एकच असतील, तर एक शास्त्र ज्याचा निषेध करते त्याचेच दुसरे विधान करते, याचा उलगडा कोण करणार? तक्ता छापणाऱ्याने तो केलेला नसतो.

उलगडा सुश्रुतातच शोधावा लागतो आणि त्याची एक दिशा तेथे सापडते. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सिराव्यधाची स्थाने सांगताना पाददाह, पादहर्ष, वातकंटक इत्यादी विकारांत क्षिप्र मर्माच्या वर दोन अंगुळे वेध करावा, असे तो म्हणतो. अपचीत इंद्रबस्तीच्या खाली दोन अंगुळे, गृध्रसीत जानुसंधीच्या वर किंवा खाली चार अंगुळे. मर्म हे त्याने मोजमापाची खूण म्हणून घेतले आणि वेधाचे स्थान त्यापासून अंतर राखून ठरविले. तेही रुग्णाच्याच अंगुळांनी. चिनी वैद्यही रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीने बिंदू मोजतो आणि झुसान्ली गुडघ्याखाली अशा तीन मापांवर धरतो. हे साम्य विचार करावयास लावणारे आहे. पण सिराव्यधात रक्तस्राव अपेक्षित आहे, सुईच्या उपचारात तो नाही. एकाचा लाभ दुसऱ्याच्या खात्यावर मांडण्यापूर्वी दोहोंखालची रचना उकलून पाहिली पाहिजे. मर्म आणि बिंदू यांची नावे जोडणारा तक्ता ते दोन अंगुळांचे अंतरच पुसून टाकतो, आणि शास्त्राचा सारा विवेक तर त्या अंतरात आहे.

यात आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. मराठीत 'शीर' हा एकच शब्द रक्तवाहिनीलाही चालतो, कंडरेलाही चालतो आणि मज्जातंतूलाही चालतो. 'शीर दबली', 'शीर आखडली', 'शीर फुगली' या तीन तक्रारी तीन निरनिराळ्या रचनांच्या आहेत. रुग्णाने तो शब्द सैलपणे वापरावा, तो त्याचा अधिकार आहे. वैद्याने तसे करून चालणार नाही. ग्रंथातील सिरा, स्नायू, धमनी या संज्ञांचा अर्थ प्रत्येक ठिकाणी संदर्भाने लावावा लागतो, हे आपण महाविद्यालयात शिकलो. सुई हाती आली की तेच विसरतो.

हा केवळ शब्दच्छल नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांत आपल्याकडे येणारा रुग्ण कोण असतो, ते पाहा. कापूस वेचणारी, दिवसभर उकिडवे बसून निंदणी करणारी मजूर स्त्री. केळीचे घड खांद्यावरून वाहणारा यावल-रावेरकडचा गडी. यंत्रमागावर उभा राहणारा धुळ्याचा कामगार. सराफ बाजारात मान घालून बसणारा जळगावचा कारागीर. त्यांची तक्रार ठरलेली असते. पाय बधिर होतो, हाताला मुंग्या येतात, पाऊल उचलत नाही.

उकिडवे बसण्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, फिब्युला या हाडाच्या मानेवरून वळणारा पेरोनियल मज्जातंतू दबतो आणि पाऊल लोंबते. ही गोष्ट जगभर शेतमजुरांत नोंदलेली आहे. याच तंतूची खोल शाखा झुसान्ली बिंदूच्या खाली असते. आणि हाच तंतू कुष्ठरोगात जाड होतो. तसाच कोपराच्या आतील बाजूचा अल्नर तंतूही जाड होतो, ज्याला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून राष्ट्रीय पातळीवर निर्मूलन झाल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले, तरी नवे रुग्ण आजही सापडतात आणि महाराष्ट्रातही सापडतात. बधिर पायाचा रुग्ण आला, त्याला वातव्याधी म्हणून झुसान्लीत दहा दिवस सुया घातल्या आणि गुडघ्याशेजारचा दोरीसारखा जाड झालेला तंतू बोटाने चाचपलाच नाही, तर काय होईल? सुई खुपणार नाही. रुग्ण म्हणेल, वैद्यांचा हात हलका आहे. आणि ज्या रोगाचे औषध शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते, त्या रोगाने त्याचे पाऊल कायमचे लुळे पडेल. सुप्तीचे कारण शोधल्यावाचून सुप्तीवर उपचार करणे हे कोणत्या संहितेत बसते?

मधुमेही रुग्णाचीही तीच कथा. त्याच्या बधिर पावलात केलेली जखम त्याला कळत नाही आणि भरूनही येत नाही. मनगटावरील 'नेइग्वान' बिंदू दोन कंडरांमध्ये आहे आणि त्याखालीच मीडियन मज्जातंतू आहे. तेथे खोल गेलेली सुई विजेचा झटका देते, त्याला 'ची आली' म्हणून आनंद मानावयाचा नाही, सुई मागे घ्यावयाची. खांद्यावरील 'जियानजिंग' बिंदूखाली फुप्फुसाचे शिखर आहे. तेथे सरळ खोल घातलेल्या सुईने फुप्फुसाभोवती हवा शिरून प्राणावर बेतू शकते. ज्याने या जागा उकललेल्या देहात पाहिल्या आहेत त्याचा हात तेथे आपोआप थांबतो. ज्याने केवळ तक्ता पाहिला आहे त्याचा थांबत नाही.

औषधालयांच्या मालकांनाही येथे दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. सुया निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्याच विकाव्यात. उकळून पुन्हा वापरता येतील असे सांगून स्वस्त सुया देणे म्हणजे यकृतशोथ व एचआयव्ही यांना आमंत्रण देणे होय. वापरलेल्या सुया २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच जमा झाल्या पाहिजेत. ते डबे सुयांसोबतच विक्रीस ठेवले तर वैद्याला सबब उरणार नाही. 'मर्मबिंदूंवर लावताच लकवा बरा' अशी चिठ्ठी तेलाच्या बाटलीवर चिकटवू नये. अर्धांगवायू, कुष्ठरोग, मधुमेह यांवरील उपचारांची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे. विक्री दोन दिवस वाढेल, विश्वास मात्र पिढीभराचा जाईल.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, तो आम्हांस ठाऊक आहे. आप्तवचन असता मज्जातंतूंची उठाठेव कशाला? आधुनिकांच्या फूटपट्टीने आपले शास्त्र का मोजावे? या आक्षेपामागची खंत आम्ही समजू शकतो. परंतु ही फूटपट्टी परकी नाही. प्रेत मुंज वगैरे तृणांनी वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री राखावे आणि नंतर वाळ्याच्या वा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू खरवडून त्वचेपासून आतपर्यंत प्रत्येक अंग डोळ्यांनी पाहावे, ही आज्ञा सुश्रुताची आहे. प्रत्यक्ष पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले, दोन्ही एकत्र आल्यावरच ज्ञान वाढते, ही त्याची भूमिका. मज्जातंतूत प्रथिन सोडून त्याचा माग काढणारा आजचा संशोधक त्याच कुंचल्याने अधिक बारीक खरवडत आहे. खेद इतकाच की तो कुंचला आपल्या हातून सुटला.

खानदेशाला तर ही शिस्त नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मूळ कागद गोळा केले आणि १९२६ मध्ये धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही त्या शहरात उभे आहे. अस्सल कागद पाहिल्यावाचून विधान करू नये, हा त्यांचा दंडक. वैद्याच्या दृष्टीने अस्सल कागद म्हणजे देह.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि धुळ्यात आयुर्वेद महाविद्यालयही आहे. आपल्या दोन्ही जिल्हा शाखांनी तेथील शारीर विभागांना विनंती करून वर्षातून एक दिवस तरी शवविच्छेदनासह तद्विद्यसंभाषा घडवून आणावी. प्रारंभी दहाच स्थाने घ्यावीत. क्षिप्र, मणिबंध, कूर्पर, इंद्रबस्ती, जानु ही पाच मर्मे आणि त्यांच्या परिसरात येणारे पाच बिंदू. प्रत्येक ठिकाणी त्वचेपासून हाडापर्यंत काय लागते, कोणता तंतू जातो, तो मज्जारज्जूच्या कोणत्या खंडातून येतो आणि मर्म व बिंदू यांत प्रत्यक्ष किती अंगुळांचे अंतर आहे, याची नोंद मराठीत करावी. ती नोंद या त्रैमासिकात छापावी. जेथे मेळ बसला तेथे बसला म्हणावे, जेथे बसला नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे. तोपर्यंत ज्या सभासदांना सुई वापरण्याचे शिक्षण व अधिकार आहेत त्यांनी बधिरतेच्या प्रत्येक रुग्णाचे कोपर, गुडघा व घोटा येथील तंतू बोटांनी चाचपावेत, त्वचेवरील फिकट, संवेदनाहीन चट्टे पाहावेत, रक्तशर्करा तपासावी आणि शंका येताच रुग्णास योग्य ठिकाणी पाठवावे. यास खर्च नाही, यंत्र नाही, पाच मिनिटे लागतात.

भिंतीवरचा तक्ता काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. त्यावरच्या ठिपक्याखाली काय आहे, हे ज्याला रुग्णाच्या अंगावर बोट ठेवून सांगता येईल त्यानेच त्या ठिपक्यावर सुई ठेवावी, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सभासदांनी आपली मते, विरोधी असली तरी, अवश्य कळवावीत.